कब, चॅम्प की सेसना 140? पहिलं जुनं टेलव्हील विमान घेताना

शेपटीला चाक असलेलं, दोन सीटचं, जुनं हलकं विमान घ्यायचं मनात पक्कं झालं, की शोध फिरून फिरून तीन नावांपाशी येतो: पायपर जे-3 कब, एरोन्का 7एसी चॅम्पियन म्हणजे सगळ्यांचं चॅम्प, आणि सेसना 140. तिन्ही अमेरिकन. कब युद्धाच्या आधीपासूनचं, साधारण 20 हजार बनली आणि 1947 साली उत्पादन थांबलं. चॅम्प 1945 च्या अखेरीस आलं, तर सेसना 140 हे 1946 ते 1951 या काळातलं. तिन्ही आजही उडतात आणि विकत मिळतात. मी तिन्ही उडवली आहेत. त्यातलं चॅम्प माझं आहे, त्यामुळे पुढच्या मजकुरात माझा कल कुठे आहे हे लपणार नाही.

वेग आणि किंमत बघण्याआधी एक ठरवा. संध्याकाळी कामावरून सुटल्यावर हँगरचं दार उघडलं, तर तुम्ही काय करणार? तासभर गवताच्या धावपट्टीभोवती, शेतांवरून, नदीच्या वळणांवरून फिरून परत येणार, की शनिवारी सकाळी जोडीदाराला शेजारी बसवून दोनशे मैलांवरच्या गावी जेवायला जाणार? पहिलं उत्तर असेल तर कब आणि चॅम्पमध्ये निवडा. दुसरं असेल तर सेसना घ्या. ही निवड चुकली की चांगलं विमानही महिनोन्‌महिने हँगरमध्ये उभं राहतं.

कबबद्दल आधी सांगतो, कारण मोह त्याचाच होतो. कबचं उजवीकडचं दार आडवं दुभागतं. वरचा भाग पंखाखाली अडकवायचा, खालचा सोडून द्यायचा आणि तसंच उघड्या दाराने उडायचं. ताशी 75 मैल, 65 अश्वशक्तीचं कॉन्टिनेंटल इंजिन, आणि मांडीपासून पावलापर्यंत मोकळी हवा. ओढ्यावरून जाताना हवा गार झालेली गुडघ्याला कळते. कापलेल्या गवताचा वास येतो. इंधन किती उरलं हे सांगायला विंडस्क्रीनच्या पुढे टाकीच्या झाकणातून वर आलेली एक तार असते, तिच्या खालच्या टोकाला बूच. तार खाली गेली की घरी परतायचं. हा आनंद दुसऱ्या कुठल्याही विमानात तंतोतंत मिळत नाही, हे चॅम्पचा मालक असूनही मी मान्य करतो.

आता कबची दुसरी बाजू. एकट्याने उडवताना तोल सांभाळण्यासाठी मागच्या सीटवर बसावं लागतं. पुढे कुणी बसलं की तुमच्यासमोर त्याची मान आणि खांदे. वेग-उंची दाखवणारी घड्याळं त्याच्याही पलीकडे. जमिनीवर नाक वर असल्याने समोरचं काही दिसत नाही, म्हणून नागमोडी चालत जावं लागतं. आत शिरणं म्हणजे पाय, गुडघा, कंबर यांचा क्रम पाठ करणं. साठी ओलांडलेल्यांनी पैसे देण्याआधी एकदा आत बसून, उतरून बघावं.

चॅम्पची आखणी कबच्या नेमक्या याच तक्रारी डोळ्यांपुढे ठेवून केल्यासारखी आहे. एकट्याने उडवायचं तर पुढे बसायचं. सीट उंच, नाक खाली, त्यामुळे जमिनीवरही समोरचं दिसतं. आतली जागा ऐसपैस. इंजिन तेच 65 अश्वशक्तीचं, वेग 85 मैलांच्या आसपास, कमाल वजनही कबइतकंच, 1,220 पौंड. कबला चाकांचा धक्का झेलायला रबरी दोरांची वेटोळी असतात. चॅम्पला तेल भरलेले ओलिओ, म्हणजे धक्काशोषक. त्यांत तेल नीट असेल तर आपटलेलं लँडिंगसुद्धा ते गिळून टाकतात. शिवाय विमान कलवायला पंखांच्या टोकांकडचे एलेरॉन वळवले की नाक आधी उलट्या बाजूला सरकतं, म्हणून शेपटीच्या रडरवर, म्हणजे पायांनी चालणाऱ्या सुकाणूवर, पाय सतत जागे ठेवावे लागतात. शिकणाऱ्यासाठी मला हा चॅम्पचा मोठा गुण वाटतो. पाय तयार होतात, ते पुढे प्रत्येक विमानात कामाला येतात.

मात्र दार उघडं टाकून उडणं चॅम्पमध्ये नाही. आणि चॅम्पकडे बघून रस्त्यावरचा माणूस थांबत नाही. पिवळ्या कबकडे बघून थांबतो. सारख्याच अवस्थेतल्या कबला जास्त पैसे मोजावे लागतात. त्यातले बरेचसे त्या पिवळ्या रंगाचे आणि नावाचे असतात. तुम्हाला ते नाव लहानपणापासून हवं असेल तर खुशाल मोजा, मी अडवणार नाही. नसेल तर तोच फरक इंजिनाच्या दुरुस्तीसाठी राखून ठेवा.

सेसना 140 ची जातच निराळी. दोघं शेजारी शेजारी बसतात, हातात दांड्याऐवजी चक्र. 85 अश्वशक्तीचं इंजिन, स्टार्टर, दिवे, हळू उतरता यावं म्हणून पंखांना फ्लॅप. ताशी 105 मैल सहज, आणि 25 गॅलन इंधन. कबमध्ये 12 गॅलन मावतं आणि तासाला चारेक गॅलन जातं. राखीव ठेवून अडीच तास म्हणजे दोनशे मैलांच्या आतच. समोरून 25 मैलांचा वारा असेल तर खालच्या रस्त्यावरच्या गाड्या तुम्हाला मागे टाकतात. सेसनात हा प्रवास खरोखर प्रवास होतो. सोबतचा माणूसही गप्पा मारतो, नकाशा धरतो, तुमच्या डोक्याच्या मागच्या बाजूशी बोलत बसत नाही.

सेसनाचे पोलादी पट्टीचे पाय, ज्यांना चाकं असतात, ते शर्यतीची विमानं बनवणाऱ्या स्टीव्ह विटमनच्या कल्पनेचे. देखभाल जवळपास नाही, पण उतरताना वेग जास्त राहिला की ते विमानाला चेंडूसारखं परत वर उडवतात. ब्रेक जोरात दाबले तर नाकावर कलण्याचीही तिची खोड आहे. त्यासाठी अनेकांनी चाकं थोडी पुढे नेणारे तुकडे बसवलेले दिसतात. धड धातूचं असलं तरी 1949 साली आलेल्या 140ए च्या आधीच्या विमानांचे पंख मुळात कापडाचे होते, काहींवर नंतर पत्रा चढवला आहे. पत्रा चढला की रिकामं वजन वाढतं आणि कमाल 1,450 पौंडांतून तुमच्या वाट्याला कमी उरतं. जाहिरातीतला आकडा न धरता त्या विमानाचा वजनाचा कागद मागा. दोन धडधाकट माणसं आणि भरलेल्या टाक्या हे गणित तिन्ही विमानांत ओढाताणीचंच असतं.

कायद्यामुळे अमेरिकेत सेसना बराच काळ मागे पडलं होतं. स्पोर्ट पायलटला, म्हणजे वैद्यकीय प्रमाणपत्राविना चालणाऱ्या परवान्यावर उडणाऱ्याला, 1,320 पौंडांपर्यंतचंच विमान चालायचं, म्हणून वैद्यकीय प्रमाणपत्राची चिंता असलेले कब-चॅम्पकडे वळायचे. 22 ऑक्टोबर 2025 पासून ती वजनाची अट गेली, तिच्या जागी स्टॉलच्या, म्हणजे ज्याखाली पंख विमान पेलू शकत नाहीत त्या वेगाची मर्यादा आली आणि सेसना 140 तिच्यात आरामात बसतं. कुणी जुन्या नियमावर बोट ठेवून सेसना टाळायला सांगत असेल तर ते आता लागू नाही.

लस्कम्ब 8 आणि टेलरक्राफ्ट बीसी-12डी ही दोन नावंही वाटेत भेटतील. टेलरक्राफ्ट 65 अश्वशक्तीत कबपेक्षा बरंच पुढे पळतं. लस्कम्ब दिसायला देखणं आणि धातूचं, पण जमिनीवर चपळ पाय मागणारं. दोन्ही छान आहेत. पहिलं टेलव्हील म्हणून लस्कम्ब मी सुचवणार नाही.

विमान कोणतंही निवडा, पैसे खरं तर अवस्थेचे मोजायचे. कापड नवं दिसतं म्हणून खूश होऊ नका, त्याच्या आत काय आहे ते बघा. कबच्या पंखांना खालून टेकू देणाऱ्या नळ्या आतून गंजतात. त्यांची ठरावीक काळाने तपासणी सक्तीची आहे, बंद तोंडाच्या नव्या नळ्या बसवल्या असतील तर ती कटकट संपते. चॅम्पच्या पंखातली मुख्य तुळई, म्हणजे स्पार, लाकडाची. पूर्वी कधी पंखाचं टोक जमिनीला लागलं असेल तर लाकडात बारीक तडे असू शकतात. एफएएने, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाने, 2000 साली या तपासणीचा आदेश काढला. तो पाळल्याची नोंद लॉगबुकात शोधा, आणि विकणाऱ्याचा नसलेला, लाकूड आणि कापड कळणारा मेकॅनिक सोबत न्या. 65 अश्वशक्तीचं इंजिन 73 ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी बनलेलं आहे. आजच्या 100एलएल या शिसेयुक्त विमान-पेट्रोलमुळे स्पार्क प्लगवर शिसं साचतं, व्हॉल्व्ह अडकतात. इथेनॉल नसलेलं मोटारीचं पेट्रोल वापरायची रीतसर परवानगी त्या विमानाला घेतलेली असेल तर तो मोठा फायदा समजा.

स्टार्टर नसलेलं विमान हाताने प्रोपेलर फिरवून चालू करावं लागतं. चाकांपुढे अडसर, शेपूट दोराने बांधलेली, आत जाणता माणूस. हे मला आवडतं. ज्यांना धास्ती वाटते त्यांनी सरळ सेसना घ्यावं, त्यात कमीपणा काहीच नाही.

शिकण्याचा खर्च तिन्हींत धराच. टेलव्हीलचं वजन मुख्य चाकांच्या मागे असतं. उतरल्यावर नाक जरा वाकडं झालं की ते मागचं वजन पुढे यायला बघतं, वळण आपोआप वाढत जातं आणि पंख जमिनीला घासून विमान गर्रकन फिरतं. यालाच ग्राउंड लूप म्हणतात. बहुतेकदा ते हवेत नव्हे, तर उतरून झालं असं वाटून पाय सैल सोडल्यावर घडतं. म्हणून समोर एक मळकट पण पूर्ण नोंदी असलेलं चॅम्प आणि एक चकचकीत, अर्धवट लॉगबुकांचं कब अशी जोडी उभी असेल, तर चॅम्प घ्या, आणि उरलेल्या पैशांत महिनाभर रोज संध्याकाळी एक चांगला टेलव्हील प्रशिक्षक मागच्या सीटवर बसवा.