बिलिंग सॉफ्टवेअर घेताय? आधी १०७ रुपयांचं बिल काढून बघा

वेंगुर्ल्यात आमचं काजूगर, आमसुलं, आगळ यांचं दुकान आहे आणि हिशेब माझ्याकडे. गेल्या सीझनला जुनं बिलिंग सॉफ्टवेअर सोडून नवीन घेतलं, त्याबद्दल लिहिते. कंपनीचं नाव देत नाही, कारण तक्रार करायची आहे आणि पोरं कामाला चांगली आहेत.

आधी चांगलं. नेट गेलं तरी बिल निघतं, आणि आमच्याकडे पावसाळ्यात नेट जातंच. बिलावर मराठी नीट छापलं जातं. मला सर्वांत आवडलं ते हे की दशांश स्थळं जागोजागी वेगळी ठरवता येतात. वजनाला तीन, कराला दोन, बिलाच्या शेवटी शून्य. जुन्यात वजनालाही दोनच होती. काट्यावर ०.२८५ किलो काजूतुकडा दिसायचा आणि बिलात ०.२९ यायचा, ९६० च्या भावाने गिऱ्हाइकाच्या माथी ४ रुपये ८० पैसे उगाच. आता काटा थेट जोडलाय, जे वजन ते बिल.

आता दुखणं. डब्ल्यू-३२० म्हणजे अख्ख्या काजूगराची एक प्रत, तिची १०० ग्रॅमची पुडी कर सोडून १०७ रुपये. जीएसटी ५ टक्के, म्हणजे अडीच केंद्राचा, अडीच राज्याचा. १०७ चे अडीच टक्के २.६७५, दोन स्थळांपर्यंत २.६८. बिलावर छापून आलं २.६७.

गिऱ्हाइकाला फरक शून्य. ११२.३४ असो की ११२.३६, राउंड ऑफ करून द्यायचे ११२च. सासरे म्हणाले, "पावली सुदिक बंद झाली, दोन पैशांका कोण इचारता गो?" सीए विचारतात! ते एक्सेलमध्ये तपासतात आणि एक्सेल २.६८ म्हणतं. मे महिन्यात मुंबईकर आणि गोव्याच्या गाड्या दारात थांबतात तेव्हा एकेका पुडीची बिलं किती फाटतात ते सांगायला नको. महिनाअखेर ताळा लागेना.

सपोर्टला फोन केला. पोरगा म्हणाला, "मॅडम, पायथन तसंच करतं." पायथन म्हणजे ज्या भाषेत त्यांनी प्रोग्राम लिहिलाय ती. खोटं नाही बोलला. संगणकाला अर्धा, पाव, अष्टमांश नेमके साठवता येतात, २.६७५ येत नाही. आत २.६७४९९९९९९९९९९९९८ च्या आसपास काहीतरी बसतं, अर्ध्याहून केसभर कमी, म्हणून ते खाली जातं. मी स्वतः पायथन उघडून पाहिलं. १०७ ला २.५ ने गुणून १०० ने भागलं आणि राउंड केलं तर २.६७, तेच १०७ ला सरळ ०.०२५ ने गुणलं तर २.६८! पायथनच्या अधिकृत माहितीत राउंडखाली २.६७५ चंच उदाहरण आहे आणि हा बग नाही असंही लिहिलंय. मग दोष भाषेचा कसा? पैशाला फ्लोट, म्हणजे ही अंदाजे साठवणूक, वापरायचीच कशाला? दशांश आकडे जसेच्या तसे साठवणारं डेसिमल मॉड्यूल पायथनमध्ये २००४ पासून आहे.

अपडेट आलं, त्यात डेसिमल आलं, १०७ ची पुडी सुधारली. आणि ८५ ची बिघडलेलीच राहिली. ८५ चे अडीच टक्के २.१२५, छापून आलं २.१२. इथे साठवणुकीचा प्रश्नच नाही, २.१२५ संगणकाला नेमका जमतो. हे बँकर्स राउंडिंग. बरोब्बर अर्धा आला की जवळच्या सम अंकाकडे जायचं, म्हणजे हजारो आकड्यांच्या बेरजेत चूक एकाच बाजूला साठत नाही. आकडेवारीवाल्यांना ते सोयीचं असेल. आमच्या सीएंना नाही. सीजीएसटी कायद्याचं कलम १७० रुपयापुरतं सांगतं, ५० पैसे किंवा जास्त असतील तर पुढचा रुपया, कमी असतील तर सोडा. सीए पैशालाही तोच न्याय लावतात आणि एक्सेलही तसंच वागतं.

पुन्हा फोन. "राउंडिंग मोड कुठला ठेवलायस रे?" "मॅडम, डिफॉल्ट आहे तोच." डेसिमलचा डिफॉल्ट समकडे जाणारा असतो, हे त्याला मी सांगायचं! पुढच्या अपडेटमध्ये सेटिंग दिलं, तेवढं मानलं पाहिजे. पण नव्या गिऱ्हाइकाला अजून समवालाच लावून मिळतो. बसवून घेताना तिथल्या तिथे 'हाफ अप', म्हणजे बरोब्बर अर्धा आला की वर, करून घ्या.

एक गोष्ट अजून नाही. १०७ आणि ८५ अशा दोन पुड्या एका बिलात घेतल्या तर केंद्राचा ओळीवार कर २.६८ अधिक २.१३, म्हणजे ४.८१. १९२ च्या बेरजेवर काढला तर ४.८०. सीए बेरजेवर काढतात, सॉफ्टवेअर ओळीवार, आणि बदलायला बटण नाही. दोघांपैकी काहीही चालेल, पण निवड दुकानदाराची हवी.

साडेतीन स्टार. हे बटण दिलं की चार करीन.