डिफ ब्रेस बसवला: ठक्क गेलं, घूं आलं

आधीच सांगतो, गाडीचं नाव लिहिणार नाही, नाव घेतलं की लोक ब्रेस सोडून गाडीवरच बोलायला लागतात. डिफ म्हणजे डिफरेन्शियल, मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा, आणि ब्रेस म्हणजे तो हलू नये म्हणून लावायचा आधार. एवढं पुरे की दोन दारांची आहे, इंजिन पुढे, ड्राइव्ह मागच्या चाकांना, मागचं सस्पेन्शन इंडिपेंडंट (दोन्ही चाकं आपापली वरखाली होणारी) आणि डिफ सबफ्रेमवर, म्हणजे बॉडीखालच्या वेगळ्या चौकटीवर, चार रबरी बुशांत (रबर भरलेल्या नळ्यांत) लटकवलेला. ब्रेसवाल्या कंपनीचंही नाव घेत नाहीये, कारण पुढे त्यांच्याबद्दल थोडं कडू येणार आहे आणि माल तसा वाईट नाही.

त्रास असा होता की हळू चालताना दुसऱ्या गिअरमध्ये रेस सोडली की मागून ठक्क, परत दिली की परत ठक्क, शेजारी बसलेला प्रत्येक माणूस विचारणार काय तुटलं रे. आणि जोरात उठवली, खास करून ओल्या रस्त्यावर, की मागची चाकं घसरायच्या ऐवजी थडथडायची, म्हणजे पकड घेतली सोडली घेतली सोडली, सीटमधून थेट मणक्यात. याला व्हील हॉप म्हणतात आणि एक्सल तुटायचा सगळ्यात सोपा रस्ता हाच. तेव्हा हौस म्हणून नाही, थोडी भीती म्हणून हा ब्रेस घेतला.

डिफ हलतो का हे समजायला थोडा हिशोब करू. माझ्या गाडीचे आकडे नको, टोयोटा ८६ घ्या, पहिल्या पिढीची, मॅन्युअल. इंजिनचा टॉर्क २०५ न्यूटन मीटर, पहिला गिअर ३.६२६, फायनल ड्राइव्ह, म्हणजे डिफमधल्या गिअरचं गुणोत्तर, ४.१. तिन्हींचा गुणाकार केला की चाकांच्या शाफ्टवर साधारण ३,०५० न्यूटन मीटर होतात. आता चाकांना जेवढा पीळ पुढच्या दिशेने मिळतो तेवढाच उलटा पीळ डिफच्या घराला बसतो, पिनियन (डिफमधला पुढचा छोटा गिअर) क्राऊनवर (तो ज्याला फिरवतो त्या मोठ्या गिअरवर) चढायला बघतो आणि डिफचं नाक, म्हणजे पुढचं टोक, वर उचललं जातं. पुढच्या आणि मागच्या बुशांमध्ये ३० सेंटीमीटर अंतर धरलं तर तिथे जवळजवळ एक टनाचा जोर आला. टायर बहुतेक त्याआधीच सुटतात हे खरं, पण क्लच झटक्यात सोडला की तेवढ्या क्षणाला जोर हिशोबापेक्षा वरही जातो. आणि हे सगळं कोण झेलतंय, तर रबर. कंपन्या ते रबर मऊ ठेवतात ते मूर्ख म्हणून नाही, गिअरचा आवाज केबिनमध्ये येऊ नये म्हणून, हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

माझदाने एमएक्स-५ मध्ये १९८९ पासून याचं वेगळंच उत्तर काढलंय, गिअरबॉक्सपासून डिफपर्यंत एक लांब अल्युमिनियमचा बीम टाकला, मग नाक वर जायचं म्हटलं तर गिअरबॉक्सला सोबत घेऊन जावं लागतं. आमच्यासारख्या गाड्यांत तो बीम नसतो, म्हणून बाजारात हे ब्रेस.

किट उघडलं तर दिसायला एकदम देखणं. आठ मिलिमीटर जाडीची अल्युमिनियमची प्लेट, सीएनसीवर कापलेली, काळं अॅनोडायझिंग, कडा नीट मारलेल्या, हात कापणार नाही. दोन बाजूंना स्टीलचे हात, जे सबफ्रेमच्या बोल्टांवर जातात, आणि डिफच्या नाकाला धरणाऱ्या जागी पॉलियुरेथेनचे, म्हणजे रबरापेक्षा कडक प्लास्टिकचे, जाड पॅड, म्हणजे धातूवर धातू टेकत नाही. इथपर्यंत दहापैकी दहा.

मग बोल्टांची पिशवी. प्लेटची जाडी मध्ये येते म्हणून मूळ बोल्टांपेक्षा लांब बोल्ट लागतात, ते बरोबर दिलेत, लांबीही बरोबर. पण डोक्यावर वाचलं तर ८.८. गाडीतून काढलेला मूळ बोल्ट हातात होता, त्याच्यावर १०.९. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पहिला आकडा ताकदीचा, ८.८ म्हणजे ८०० मेगापास्कलला तुटणारा आणि ६४० ला कायमचा ताणला जाणारा, १०.९ म्हणजे १,००० आणि ९००. म्हणजे जिथे गाडीच्या कंपनीने भारी बोल्ट लावलाय तिथे डिफ आणखी पक्का धरायच्या नावाखाली हे लोक हलका बोल्ट देतायत! शिवाय मूळ बोल्टाच्या टॉर्कला ८.८ आवळला तर तो तिथेच ताणला जायची शक्यता. मी त्याच मापाचे, त्याच पिचचे (आट्यांमधल्या अंतराचे) १०.९ वेगळे आणले. ब्रेसच्या कंपनीला लिहिलं तर उत्तर आलं की आजवर कुणाची तक्रार नाही. बरं.

आणि माहितीपत्रक म्हणजे एक पान, चार धूसर फोटो आणि शेवटी "सर्व बोल्ट घट्ट करा". किती घट्ट? तर घट्ट. शेवटी गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलेच आकडे घेतले. तुम्हीही तेच करा, अंदाजाने पान्यावर लटकू नका.

बसवायला आम्ही दोघं होतो, मी आणि माझा मावसभाऊ, तो माझ्यापेक्षा मोठा आणि या कामात माझ्यापेक्षा शंभर पटीने शांत. गाडी चार स्टँडवर, जॅकवर ठेवून खाली जायचं नाही हे तरी सांगायला लागू नये. सायलेन्सरचा मागचा भाग खाली सोडावा लागतो, त्याचे रबरी हँगर साबणाच्या पाण्याने सटकतात, ओढाताण करून उपयोग नाही. एवीतेवी खाली होतोच म्हणून डिफचं ऑइलही बदलायचं ठरलं, मी उत्साहात थेट खालच्या ड्रेन प्लगला पाना लावला तर वरून, म्हणजे बाजूने, आवाज आला, "अरे थांब थांब, आधी भरायचा प्लग सुटतो का बघ." बरोबरच आहे, खालून सगळं ऑइल सोडलं आणि वरचा प्लग गंजून बसलेला निघाला तर गाडी जागेवरच. तो सुटायला वीस मिनिटं लागली, एवढं सांगतो.

मुख्य गोष्ट जी पत्रकात कुठेच नाही: सगळे बोल्ट आधी हाताने लावायचे, सगळे म्हणजे सगळे, मग डिफ त्याच्या जागी सरळ बसलाय का बघायचं आणि मग थोडे थोडे करून आवळायचे. मी पहिल्या वेळी एक बाजू पूर्ण आवळली आणि दुसऱ्या बाजूचं भोक दीड मिलिमीटरने चुकलं. पहारीने ओढून बोल्ट घुसला असता, मोह झालाही, पण तसं केलं की डिफ कायमचा वाकड्या ताणात बसतो, प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सपासून डिफपर्यंतच्या फिरत्या दांड्याचा) कोन बदलतो आणि मग वेगात थरथर येते जी नंतर शोधता शोधता माणूस वेडा होतो. परत सैल केलं, जॅकने डिफला खालून जरासा आधार दिला, भोकं आपोआप जुळली. दुसरं म्हणजे डिफच्या डोक्यावरचा ब्रीदर, म्हणजे हवा जायची छोटी टोपी, प्लेटखाली दबत नाही ना ते बोट घालून बघा, ती बंद झाली तर गरम ऑइल सीलमधून बाहेर यायला लागतं. प्रत्येक बोल्टावर आणि शेजारच्या धातूवर मिळून एक सरळ पांढरी रेघ मारली, सरकला तर दिसेल. एकूण चार तास, त्यात ऑइल आणि वाद धरून.

आता गंमत. पहिल्या दिवशी गाडी मस्त, वीस मिनिटं मस्त, आणि मग खालून टणटण. थांबून खाली बघितलं तर सगळं जागेवर. घरी आलो, थंड झाली, दुसऱ्या दिवशी पुन्हा वीस मिनिटं मस्त आणि पुन्हा टणटण. तिसऱ्या दिवशी डोक्यात प्रकाश पडला की सायलेन्सरचा पाइप गरम होऊन वाढतोय. स्टेनलेस स्टील एका मीटरला, २०० अंशांनी तापलं तर, साडेतीन मिलिमीटरच्या आसपास लांबतं, आणि पाइप इंजिनपासून मागपर्यंत येतो म्हणजे तसे दोन-अडीच मीटर. मी थंड असताना ब्रेस आणि पाइपमध्ये चार मिलिमीटर फट बघून खूश झालो होतो! जोडाचा क्लॅम्प सैल करून पाइप थोडा फिरवला, आता थंड असताना बारा मिलिमीटर फट आहे, आवाज बंद. पत्रकात एक ओळ लिहायला काय जात होतं यांचं.

फरक किती पडला हे नुसतं "गाडी टाइट वाटते" वर सोडायचं नव्हतं, पैसे घातले की सगळ्यांनाच टाइट वाटतं. म्हणून ब्रेस लावायच्या आधी एक जुगाड केला होता, डिफच्या नाकाला एक कडक केबल टाय चिकटवला आणि त्याचं टोक सबफ्रेमवर लावलेल्या पांढऱ्या पेंटला जेमतेम टेकेल असं ठेवलं. पेंट ओलसर असताना गाडी काढली, चार-पाचदा जोरात उठवली आणि परत. पेंटवर उभा ओरखडा आला तो मोजला तर नऊ मिलिमीटर. ब्रेस लावल्यावर तीच जागा, तसाच पेंट, तीन. आमचं मोजमाप काही प्रयोगशाळेतलं नाही, पण नऊचे तीन होणं हे मनाचे खेळ नाहीत.

चालवताना ते कळतं. रेस दिली आणि गाडी निघाली यातला तो छोटासा रिकामा क्षण जवळजवळ गेला. वळणात अर्धी रेस धरून गाडी बसवायची असते तेव्हा पाय थोडा वरखाली झाला तरी मागचा भाग आधी डुचमळायचा, आता नाही. थडथड कोरड्यात गेली, ओल्यात अजून येते पण पूर्वीसारखी मणक्यात नाही. म्हणजे डिफ हा त्या थडथडीतली एक स्प्रिंग होता, एकमेव नव्हता, सस्पेन्शनच्या हातांचे बुश, टायर सगळेच त्यात असतात.

ठक्क मात्र अर्धंच गेलं. आणि इथे चूक माझी. ब्रेस नाकाला धरतो, मी सगळा दोष नाकावर टाकून मोकळा झालो होतो, मागचे दोन बुश धड बघितलेच नाहीत. महिन्याने पुन्हा खाली गेलो, पहार लावून डिफ मागून हलवला तर डाव्या बुशचं रबर आतल्या नळीपासून सुटलेलं, अर्ध्या गोलात स्वच्छ काळी फट, नख आत जाईल एवढी. म्हणजे ब्रेस पुढून पकडतोय आणि मागचा भाग आपल्या मनाने चाललाय. नवे मूळ रबरी बुश टाकले, त्याला सबफ्रेम खाली घ्यावा लागला, जुने बुश पुलरने ओढून काढावे लागले, दीड दिवस आणि हातांची सालटी. त्यानंतर ठक्क पूर्ण बंद. गाडी जुनी असेल तर आधी पहार घेऊन खाली जा, बुश गेले असतील तर ते टाका, मग वाटलं तर ब्रेस. मी उलट्या क्रमाने केलं म्हणून सायलेन्सर दोनदा उतरवला, आणि कदाचित नुसत्या बुशांवर माझं रोजच्या वापरापुरतं काम भागलंही असतं.

आता घूं. मऊ रबर जो आवाज अडवत होतं त्याला पॉलियुरेथेनने शॉर्टकट दिलाय. ताशी ९० च्या आसपास रेस हलकी केली की मागून एक बारीक सरळ सूर येतो. पुन्हा ८६ चाच हिशोब, २१५/४५ आर १७ चं चाक त्या वेगाला सेकंदाला साधारण १२.७ वेळा फिरतं, क्राऊनला ४१ दात, म्हणजे दात एकमेकांना ५२० वेळा भेटले. ५२० हर्ट्झ म्हणजे पेटीवर पांढरी एक, वरच्या सप्तकातली, जवळजवळ तंतोतंत. माझ्या गाडीत थोडा इकडेतिकडे असेल पण सूर त्याच घराण्याचा. गाणी लावली की ऐकू येत नाही, बायकोला मात्र गाणी लावूनही येतो. डिफ खराब झाला का अशी भीती मलाही वाटली होती, पण आवाज नवा नव्हता, फक्त आता ऐकू यायला लागला.

रोज लांब हायवे करणाऱ्याने, ज्याला शांत केबिन हवी, त्याने याच्या वाटेला जाऊ नये. ट्रॅकवर जाणारे, इंजिनची ताकद वाढवलेले, चिकट टायर टाकलेले, यांनी जरूर घ्यावा, फक्त बोल्ट बघून. आणि काही गाड्यांत सबफ्रेम जिथे बॉडीला लागतो ती जागाच कच्ची असते, बीएमडब्ल्यूच्या ई४६ चा मागचा फ्लोअर तडकतो हे जगजाहीर आहे, तिथे आधी तो पत्रा तपासा, डिफ कितीही पक्का केला तरी जोर शेवटी तिथेच जाणार.

पहिल्या १०० किलोमीटरनंतर रेघा बघितल्या, सगळ्या जुळलेल्या. २,००० नंतर एक बोल्ट दोन मिलिमीटर फिरलेला, उजव्या हाताचा पुढचा, काढून निळं लॉकटाइट (बोल्ट सैल होऊ नये म्हणूनचा गोंद) लावून परत आवळला, तेव्हापासून हललेला नाही. किटमधले ते ८.८ वाले बोल्ट फेकले नाहीत, गॅरेजमधल्या फळीला लावलेत, तिच्यावर रंगाचे डबे असतात, तेवढं ते छान झेलतात.