दुकानातला टच स्क्रीन, जुना पीसी आणि आठ महिने

कोल्हापुरात महाद्वार रोडवर, अंबाबाईच्या देवळाजवळ आमचं चपलांचं दुकान. 'कापशीत नऊ नंबर हाय का?' असं कुणी विचारलं की पोऱ्या शिडीवरून माळ्यावर चढणार, खाली येऊन 'न्हाई' म्हणणार, तोवर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात. म्हणून गेल्या जूनमध्ये दारातच टच स्क्रीन उभा केला. कापशी, कुरुंदवाडी, पुकरी, कोल्हापुरी चपलेचे हे प्रकार, त्यांच्या फोटोवर बोट ठेवलं की शिल्लक नंबर दिसतात. तयार कियोस्कचं, म्हणजे असल्या उभ्या टच स्क्रीनच्या खोक्याचं, कोटेशन ऐकून बाबांनी हात जोडले, मग जुन्या मालातूनच जमवायचं ठरलं.

ऑप्टिप्लेक्स मायक्रो, थिंकसेंटर टायनी, एलिटडेस्क मिनी, सगळी एकाच जातीची मशिनं, ऑफिसांतले छोटे पीसी. बरा दिसला तो उचलला: इंटेलचा चौथ्या पिढीचा आय थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, साडेपाच हजार. स्वस्त का, तर विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ऑफिसांनी आधीपासूनच असली मशिनं काढायला घेतली होती. आपल्याला विंडोज हवंय कशाला? नवी एसएसडी डिस्क, त्यावर डेबियन हे फुकटातलं लिनक्स, ओपनबॉक्स हा हलका डेस्कटॉप आणि क्रोमियम ब्राउझर कियोस्क मोडमध्ये, म्हणजे स्क्रीनभर एकच पान. पान मशिनमध्येच ठेवलंय, नेट गेलं तरी अडत नाही. देवनागरी फॉन्ट टाकायचा तेवढा राहिला होता. पहिल्या दिवशी 'कापशी'च्या जागी नुसते चौकोन.

पीसीबद्दल एवढंच. लाइटचा एक किस्सा सोडला तर आठ महिन्यांत त्यानं कामात कुचराई केली नाही. डोकं खाल्लं ते टचनं.

घरचा जुना मॉनिटर उभा करून त्यावर इन्फ्रारेड फ्रेम, म्हणजे साध्या स्क्रीनला टच करणारी चौकट, बसवली. चित्र उभं झालं, टच आडवाच राहिला. वरच्या कापशीवर बोट ठेवलं की कोपऱ्यातली पुकरी उघडायची. स्क्रीन फिरवला की टचचं गणितही वेगळं फिरवावं लागतं, हे कळायला एक अख्खा रविवार गेला. ते एकदा जमल्यावर फ्रेम आवडायला लागली. देवळातून आलेल्या बायकांच्या बोटांना कुंकू असतं, लहान पोरांच्या हाताला पेढा. काचेवर लाल ठसे उठतात, पण टच चालतो, कारण काचेवर बोट लागलंय की नाही याच्याशी फ्रेमला देणंघेणं नाही. कडेच्या अदृश्य किरणांत आडवं काही आलं की पुरे.

नेमकं तिथंच नोव्हेंबरात घोडं अडलं. संध्याकाळी पाचनंतर स्क्रीन वेड्यासारखा आपोआप पानं उलटायचा, नाहीतर ढिम्म. तीन दिवस केबली बदलत बसलो. दुकानाचं तोंड पश्चिमेला, आणि उतरतं ऊन थेट फ्रेमवर. तिकडं देवळात मावळतीचे किरण देवीवर पडतात तो किरणोत्सव, इकडं आमच्या दारात दुसरा! शेवटी सुताराकडून प्लायची खोल चौकट करून घेतली आणि स्क्रीन हातभर आत सरकवला. आता कडेच्या खाचेतली धूळ रोज सकाळी फडक्यानं पुसली की झालं. नव्यानं घेणार असाल आणि दारात ऊन येत असेल, तर ही फ्रेम घेऊ नका, मोबाइलसारखा कपॅसिटिव्ह टच, म्हणजे काचेलाच बोट कळणारा, असलेला मॉनिटर बघा. महाग पडेल, पण पैसा घालायचा तर तिथंच. पीसीवर नको.

लाइटचा किस्सा सांगायलाच हवा. पावसात लाइट जायची, परत आली तरी पीसी बंदच. बायोसमध्ये, म्हणजे मशिनच्या मूळ सेटिंगांत, 'एसी रिकव्हरी' नावाची सेटिंग 'पॉवर ऑन' केली, मग आपोआप सुरू व्हायला लागला. घटस्थापनेच्या सकाळी, दारात ही गर्दी, आणि स्क्रीनवर काळ्या पाटीवर इंग्रजीत: पुढं जायला एफ वन दाबा. कीबोर्ड घरी. मदरबोर्डवरचा, म्हणजे मशिनच्या आतल्या मुख्य बोर्डावरचा, छोटा सेल मेला होता, त्यामुळं मशिन तारीख आणि ती सेटिंग, दोन्ही विसरलं होतं. सीआर २०३२, घड्याळाच्या दुकानातही मिळतो, पन्नास रुपयांच्या आत. जुनं मशिन घेतलं की पहिल्याच दिवशी हा सेल बदला. मी बदलला नव्हता.

लाइट अचानक गेली की क्रोमियम 'पानं परत उघडू का' असं विचारत बसायचं, ते इन्कॉग्निटोत, म्हणजे मागचं काही लक्षात न ठेवणाऱ्या मोडमध्ये, चालवून थांबवलं. बोट दाबून धरलं की मेनू उघडायचा, तोही बंद केला. पोरं शोधून काढतातच.

पोऱ्याचं शिडीवर चढणं कमी झालंय, बंद नाही. स्क्रीनवर आठ नंबर शिल्लक दाखवतो आणि माळ्यावर एकाच पायाची चपल सापडते, त्याला कॉम्प्युटर तरी काय करणार. बाबांनी गल्ल्याखाली कीबोर्ड ठेवलाय. काढू का विचारलं, तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे, नवरात्र परत येतंय."