जुन्या स्विफ्टला १७ इंची मॅगव्हील: जळगाव-धुळ्याच्या रस्त्यांवर वापरून झालेलं मत

गाडी २००९ ची स्विफ्ट व्हीडीआय, धुळ्याहून सेकंडहँड घेतलेली. आधीच्या मालकाने तिला १७ इंची मॅगव्हील, म्हणजे अलॉयची चाकं, आणि २०५/५० चे टायर (रुंदी २०५ मिलिमीटर, भिंतीची उंची तिच्या ५० टक्के) टाकलेले होते. एक उन्हाळा आणि अख्खा पावसाळा तशीच चालवली, मग १५ वर आणली. आपल्याकडे जुन्या स्विफ्ट, आयटेन, सिटीला मोठी चाकं टाकायची हौस सध्या जोरात आहे, जळगावात तर कुठल्याही पार्किंगमध्ये दोनचार गाड्या तशा दिसतातच, म्हणून दोन्ही साइजचं जरा सविस्तर लिहितोय.

आधी चांगलं सांगतो. दिसायला १७ जबरदस्तच. या स्विफ्टच्या मडगार्डचा गोल मोठा आहे, त्यात कंपनीची १४ इंची डिस्क, म्हणजे साधं लोखंडी चाक, हरवल्यासारखी वाटते, १७ टाकलं की ती सगळी जागा भरते आणि गाडी एकदम खाली बसल्यासारखी दिसते. चाळीसगावहून कन्नड घाट चढताना वळणावर गाडी जराही झुकत नाही, स्टेअरिंग फिरवलं की लगेच वळते. चौपदरी झालेल्या गुळगुळीत रस्त्यावर मला खरंच कुठलीच तक्रार नव्हती.

पण आपण चौपदरीवर किती चालतो? माझं येणंजाणं चोपडा, धरणगाव, एरंडोल, मध्येच यावल-रावेर. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे डांबराला लाटा येतात, कडा तुटतात आणि साइड द्यायला गाडी खाली उतरवली की धाडकन आदळते. कंपनीच्या १६५/८० आर१४ टायरची भिंत १३२ मिलिमीटर उंच असते, २०५/५० आर१७ ची जेमतेम १०२. म्हणजे रबराचा तीन सेंटिमीटर गादीचा भाग गेला आणि त्या जागी लोखंडासारखं कडक अलॉय आलं, खड्डा आला की तो सरळ रिमला आणि तिथून शॉकअपला जातो. दोन रिमच्या आतल्या कडा वाकल्या होत्या. बाहेरून काहीच दिसत नव्हतं, गाडी लिफ्टवर घेऊन चाक हाताने फिरवल्यावरच कळलं, कडा एका जागी आत दबलेली, पावसाळाभर दर आठवड्याला हवा का उतरत होती ते तेव्हा समजलं. गरम करून ठोकून सरळ करून देणारे आहेत, पण तापवलेल्या अलॉयची ताकद कमी होते आणि घरच्यांना घेऊन हायवेला जाणाऱ्या गाडीत तसलं चाक मी वापरणार नाही.

दुसरी गोष्ट पिकअपची. १३०० सीसी डिझेलला १९० एनएम टॉर्क आहे पण तो मिळतो २००० आरपीएमला, त्याच्या खाली टर्बो झोपलेला असतो हे ही गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला माहितीये. त्यात १७ चं चाक जड. ओळखीच्या धान्याच्या दुकानात इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवून पाहिलं, टायरसकट १९ किलोच्या वर भरलं, आणि मूळची १४ ची डिस्क टायरसकट साडेतेराच्या आसपास. शिवाय चाकाचा पूर्ण व्यास मूळ ६२० मिलिमीटर, या सेटचा ६३७, म्हणजे प्रत्येक गिअर तेवढा लांब झाला. गावातून सेकंडमध्ये निघताना गाडी अक्षरशः विचार करते. आणि स्पीडोमीटर आधीपेक्षा जवळपास पावणेतीन टक्के कमी दाखवतो ते वेगळंच.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते ८०-९० ला येणाऱ्या स्टेअरिंगच्या थरथरीने. बॅलन्सिंग केलं, अलायनमेंट केलं, पुन्हा बॅलन्सिंग केलं, फरक शून्य. शेवटी जळगावात हायवेलगत एक जुना टायरवाला आहे, आप्पा म्हणतात सगळे, त्यांच्याकडे नेली. त्यांनी मशीनला हातच लावला नाही, आधी चाक काढून हबकडे, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाकडे, बॅटरी मारली. स्विफ्टचं पीसीडी ४×१००, म्हणजे १०० मिलिमीटरच्या गोलावर चार नट, आणि मधलं भोक ५४.१ मिलिमीटरचं, बाजारातले मॅगव्हील अनेक गाड्यांना बसावे म्हणून त्यांचं भोक मोठं ठेवतात, माझ्यावरचं ७३.१ होतं. मधली फट भरायला हब रिंग लागते आणि ती इथे प्लॅस्टिकची होती. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर, त्यात ब्रेकची उष्णता, रिंग मऊ होऊन अंड्यासारखी लांबट झालेली, एक तर बोटाने दाबली तशी तुटून हातात आली. म्हणजे चाक हबवर नीट मध्यभागी बसलेलंच नव्हतं, नुसतं चार नटांवर पेललेलं. मग बॅलन्सिंग कितीही करा, मशीनवर चाक बरोबर आणि गाडीवर चूक. ज्यांना थरथर आहे त्यांनी पैसे घालण्याआधी एकदा चाक काढून हे बघाच, आणि रिंग घ्यायची तर अॅल्युमिनियमचीच घ्या, किंमतीत फार फरक नाही.

मग आप्पांनी स्टेअरिंग पूर्ण वळवून मला खाली वाकायला लावलं. "टायर आठे घासी ऱ्हायना, भाऊ." मडगार्डच्या आतलं काळं प्लॅस्टिक एका पट्ट्यात घासून चकचकीत झालेलं, एका ठिकाणी आरपार भोक. स्पोकच्या मागे ईटी ३५ कोरलेलं होतं, हा ऑफसेट, म्हणजे चाकाच्या मध्यरेषेपासून हबला टेकणारी बाजू किती मिलिमीटर बाहेर आहे तो आकडा, तो कमी म्हणजे चाक बाहेर सरकतं, बेअरिंगवर लोड वाढतो. मागे चार माणसं बसली की टायर पत्र्याला लागत होता तो यामुळेच. पत्रा आत वळवून देतो म्हणणारे पुष्कळ भेटतात, आप्पा म्हणाले पंधरा वर्षं जुन्या पत्र्याचा रंग तडकेल आणि गंज तिथूनच धरेल, मी करणार नाही. गिऱ्हाईक पैसे घेऊन समोर उभं असताना नाही म्हणणारा माणूस मला फार मोठा वाटतो.

त्यांनीच २०११ नंतरच्या स्विफ्टचे कंपनीचे १५ इंची अलॉय बघायला सांगितले. पीसीडी तेच, भोकही ५४.१, म्हणजे रिंगची भानगडच नाही. टायर १८५/६५ आर१५, पूर्ण व्यास ६२१.५, मूळच्या ६२० ला जवळजवळ तंतोतंत. भिंत १२० मिलिमीटर. हा साइज डिझायर-अर्टिगामुळे अगदी तालुक्यालाही लगेच मिळतो, १७ चा एक टायर फाटला तर धुळ्यात शोधत फिरावं लागत होतं. जुना सेट चौदा हजारात मिळाला, घेताना प्रत्येक रिम मशीनवर फिरवून बघितली, चार नवे टायर वेगळे. टायरवर शेवटचे चार आकडे तो बनल्याचा आठवडा आणि वर्ष सांगतात ते आप्पांनी न विचारता दाखवले, चारही एकाच वर्षातले. नट टॉर्क रेंचने आवळले आणि शंभरेक किलोमीटरनंतर परत आवळायला बोलावलं, त्याचे पैसे घेतले नाहीत.

आता गाडी १०० ला स्थिर, स्टेअरिंगला एक बोट लावून बसा. खड्ड्यातला तो कडक आवाज गेला, आई मागे बसते, तिने स्वतःहून सांगितलं की पाठीला बरं वाटतंय. घाटात १७ एवढी घट्ट नाही वाटत, हे खरं, पण १४ पेक्षा नक्कीच चांगली. दिसायलाही भरलेली दिसते. माझ्याकडून १७ ला या गाडीवर पाचपैकी दोन आणि १५ ला साडेचार, अर्धा कापला कारण मॉडेल जुनं म्हणून चांगला सेट शोधायला वेळ लागतो.

विमा आहे त्यांनी अजून एक लक्षात घ्या, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनबाहेरच्या बदलांबद्दल आहे, म्हणून कुठलाही साइज बदलताना विमा कंपनीला आधी विचारून लेखी उत्तर घ्या, मी घेतलंय.

आणि स्टेपनी. माझी अजून १४ चीच आहे, पण व्यास सारखाच असल्याने पंक्चरला बिनधास्त लावता येते आणि गाडीचेच नट दोन्हीला बसतात. १७ च्या सेटला बारीक नट होते, त्यांचा पाना वेगळा, तो गाडीत नसेल तर पारोळ्याच्या पुढे रात्री कुठल्याच पंक्चरवाल्याकडे चाक निघत नाही. १७ ठेवणार असाल तर तो पाना डिकीत नाही, डॅशबोर्डच्या खणात ठेवा आणि एक जास्तीचा घेऊन ठेवा.