आठ महिने, ११,४०० किलोमीटर आणि चार ॲपमध्ये अडकलेले पैसे

गाडी टाटाची नेक्सॉन ईव्ही, म्हणजे विजेवर चालणारी, ३०.२ युनिटच्या बॅटरीची, सेकंडहँड घेतलेली. तिची माहिती सगळ्यांना आहेच, म्हणून थेट मुद्द्यावर येते. गाडीबद्दल माझी काही तक्रार नाही. माझं भांडण आहे ते चार्जिंग ॲपच्या वॉलेटशी.

कोल्हापूरला आई एकटी असते, त्यामुळे महिन्यातून दोनदा पुणे-कोल्हापूर ठरलेलं. एका बाजूने २३० किलोमीटर. एसी लावून, ताशी नव्वदच्या आत चालवली तर गाडी एका फुल चार्जमध्ये १९०-२०० किलोमीटर देते, म्हणजे वाटेत एक थांबा आलाच. खंबाटकीचा घाट चढताना बॅटरीचे टक्के भराभर उतरतात, उतारावर थोडे परत मिळतात, आणि कराडला पोहोचेपर्यंत वीसच्या आसपास उरतात. तिथून ऐंशीपर्यंत भरायला पाऊण तास लागतो. ऐंशीच्या पुढे वेग इतका पडतो की थांबण्यात अर्थ नाही.

जुलैत कराडच्या अलीकडे एका हॉटेलच्या आवारात चार्जिंगची गन (मशीनच्या केबलचा प्लग) गाडीला लावली. वॉलेटमध्ये कमीत कमी ५०० भरायचे, ते भरले. १९ वरून ३१ टक्के झाले आणि मशीन बंद पडलं. लाईट गेली होती. लाईट आली तरी ॲपवर ‘सेशन चालू’च दिसत होतं आणि गन निघेना. वर धो धो पाऊस, मशीनवर साधा पत्राही नाही. शेवटी वॉचमनकाका छत्री घेऊन आले. “ताई, ओढू नका. गाडी एकदा लॉक करा, परत अनलॉक करा, मग काढा.” खट्ट आवाज आला आणि गन सुटली. गनची पिन गाडीच्या बाजूला अडकते, हे मला तेव्हा कळलं. कस्टमर केअरला अर्धा तास लावूनही हे कुणी सांगितलं नव्हतं.

गाडीत गेले साडेतीन-चार युनिट. वॉलेटमधले पूर्ण ५०० अडकले. ३१ टक्क्यांवर कोल्हापूर गाठायची हिंमत होईना, म्हणून पुढच्या पंपावर गेले. तिथे दुसरी कंपनी, दुसरं ॲप, पुन्हा किमान रिचार्ज. रिफंड आला तो २३ दिवसांनी, आणि तोही बँकेत नाही, त्याच वॉलेटमध्ये. म्हणजे माझे पैसे वापरायचे तर मी पुन्हा त्याच मशीनवर जायचं! पैसे माझे आहेत, ते परत मिळायला हवेत.

दुसरी खटकणारी गोष्ट कर. नव्या ईव्हीवर जीएसटी ५ टक्के आणि बाहेरच्या चार्जिंगवर १८. बोर्डावर २० रुपये युनिट दिसतं, हातात पडतं २३ रुपये ६० पैशांना. पार्किंगमधल्या माझ्या वेगळ्या मीटरवर तेच युनिट आठाच्या आसपास पडतं.

इथपर्यंतचं जुलैतच लिहून ठेवलं होतं, आणि शेवटी ‘लांबच्या प्रवासाला ईव्ही घेऊ नका’ असंही लिहिलं होतं. ते वाक्य आता काढून टाकते. कारण दोन गोष्टी बदलल्या. आईकडे गिझरचा १५ अँपिअरचा सॉकेट होता, पण त्यावर चार्जरचा लाल दिवा लागायचा आणि गाडी चार्ज व्हायची नाही. गल्लीतल्या वायरमनने पाहिलं, अर्थिंगच नव्हतं. त्याने परसात खड्डा खणून मीठ-कोळसा भरला, पट्टी टाकली, वायर ओढली आणि दिवा हिरवा झाला. आता रात्री गाडी लावून झोपायचं, सकाळी फुल. परतीची काळजी मिटली. आणि जुन्या घराला अर्थिंग नाही हे या गाडीमुळे कळलं, आई रोज त्याच गिझरचं पाणी घेत होती. एवढ्यासाठी मी या गाडीची कायमची ऋणी आहे.

दुसरं म्हणजे, साताऱ्याजवळ एका मशीनवर क्यूआर कोड सापडला. यूपीआयने ३०० रुपये दिले, युनिट गेले तेवढेच कापले, उरलेले ४१ रुपये मी गाडीत बसायच्या आत खात्यात परत. ॲप नाही, वॉलेट नाही. एकाला जमतं तर बाकीच्यांना का जमू नये?

पेट्रोलच्या जुन्या गाडीला एका बाजूने दीड हजार जायचे, आता सहाशेच्या आत-बाहेर भागतं. गाडी घ्यायची तर घ्या, पण आधी घरचं अर्थिंग तपासून घ्या, आणि वॉलेटमध्ये किमान रकमेपेक्षा एक रुपयाही जास्त भरू नका. आजच्या तारखेला चार ॲपमध्ये मिळून माझे ६१८ रुपये पडून आहेत. चौघांनाही मेल केली आहे, पैसे बँकेत हवेत म्हणून. दोघांचं उत्तर आलंय.