हेड कोच: प्रॉडक्ट चांगलं आहे, पण जाहिरातीवर जाऊ नका (साडेतीन स्टार)

आधीच सांगतो, मी काही क्लबमालक नाही, त्यामुळे हे प्रॉडक्ट मी स्वतः कधी विकत घेतलेलं नाही, पण वापरतोय मात्र कित्येक वर्षं, दर वीकेंडला, कारण फुटबॉलमध्ये पैसे मालकाचे जातात आणि बीपी आपलं वाढतं. दोन मॅच हरल्या की 'कोचला हाकला' म्हणणाऱ्यांत मीपण असायचो, आणि चार मॅच जिंकल्या की 'जीनियस आहे राव' म्हणणाऱ्यांतपण मीच. आता जरा थंड डोक्याने लिहितोय. दीड स्टार का कापला ते खाली येईलच.

डब्यात नक्की काय येतं ते बघा, कारण इथेच लोक फसतात. इंग्लंडात पूर्वी 'मॅनेजर' मिळायचा. खेळाडू आणणं, विकणं, टीम लावणं, पोरं घडवणं, सगळं त्याच्याच हातात. आता बहुतेक क्लब 'हेड कोच' घेतात, म्हणजे तो ट्रेनिंग घेणार, टीम निवडणार, मॅच चालू असताना बदल करणार आणि प्रेससमोर बसून बोलणी खाणार, पण कुठला खेळाडू आणायचा हे स्पोर्टिंग डायरेक्टर (खरेदी-विक्री बघणारा अधिकारी) आणि स्काउट (खेळाडू हेरणारे) ठरवणार. आर्सेनलने आर्टेटाला आधी हेड कोच म्हणून घेतलं होतं, २०२० मध्ये त्याला मॅनेजर केलं, नुसती पाटी बदलली नाही तर कामही वाढलं. तेव्हा अधिकार निम्मे दिलेत आणि दोष मात्र पूर्ण देताय, असं तर होत नाहीये ना, हे आधी तपासा.

आता मुख्य मुद्दा, पैसा. स्टेफान शिमान्स्की नावाचे अर्थतज्ज्ञ आहेत, त्यांनी इंग्लिश क्लबांचे जमाखर्च वर्षानुवर्षं तपासले आणि त्यातून दिसलं की टेबलमध्ये तुम्ही कुठे असणार हे बऱ्याच अंशी खेळाडूंच्या पगारावर ठरतं, ट्रान्सफर फीपेक्षाही (म्हणजे खेळाडू घेताना त्याच्या जुन्या क्लबाला मोजलेल्या पैशापेक्षाही) पगारावर. म्हणजे जास्त पगार देणारे वर, कमी देणारे खाली, आणि लांबच्या हिशेबात बहुतेक कोच या रेषेच्या आसपासच घुटमळतात, काही थोडेच सातत्याने वर राहतात. ऐकायला बोअर आहे पण खरंय.

लगेच कोणीतरी म्हणेल 'मग लेस्टर?' बरोबर, इंग्लंडमधल्या या छोट्या क्लबाचं उदाहरण सगळेच देतात, चला लेस्टर घेऊ. २०१५-१६, लीग जिंकण्यावर सीझनआधी सट्टेवाल्यांचा ५००० ला १ असा भाव, कोच क्लाउडिओ रानिएरी, आणि ८१ पॉइंट्स घेऊन १० पॉइंट्सच्या फरकाने चॅम्पियन. आता हाच रानिएरी त्याच्या आधी ग्रीसचा कोच होता, नोव्हेंबर २०१४ मध्ये घरच्या मैदानावर फेरो बेटांकडून हरला आणि त्याला काढलं. एका वर्षात माणूस एवढा शहाणा झाला का? नाही ना. लेस्टर मार्च २०१५ मध्ये शेवटच्या नंबरवर होती आणि आधीचा कोच नायजेल पिअर्सनच्या हाताखाली शेवटच्या ९ पैकी ७ मॅच जिंकून वाचली, म्हणजे गाडी रानिएरी यायच्या आधीच सुरू झाली होती, वार्डी आणि माहरेझ हे गोल करणारे आधीपासून होते, त्यात स्काउट लोकांनी फ्रान्समधून मिडफिल्डर कांते शोधून आणला. रानिएरीचं श्रेय हे की त्याने चालत्या गाडीचं इंजिन उघडलं नाही, आणि हे वाटतं तेवढं सोपं नसतं, नवीन आलेल्या माणसाचे हात फार शिवशिवतात. पुढच्या वर्षी कांते चेल्सीला गेला, चेल्सी चॅम्पियन झाली, आणि लेस्टर रिलिगेशनच्या (खालच्या लीगमध्ये घसरण्याच्या) तोंडाशी आली म्हणून फेब्रुवारी २०१७ मध्ये रानिएरीला नारळ. टायटल जिंकून वर्षसुद्धा झालं नव्हतं. मला विचाराल तर त्या दोन सीझनमधलं सगळ्यात महत्त्वाचं नाव कांते.

इथून एक्सचेंज ऑफरकडे येऊ, म्हणजे जुना द्या नवा घ्या. रानिएरी गेल्यावर त्याचाच असिस्टंट क्रेग शेक्सपिअर बसला आणि लीगच्या पहिल्या ५ च्या ५ मॅच जिंकला. लोक म्हणाले बघा, कोच बदलला की फरक पडतो! याला न्यू मॅनेजर बाउन्स म्हणतात, आणि माझा एक अख्खा स्टार इथेच कापलाय. बास तेर वील या डच अर्थतज्ज्ञांनी हॉलंडच्या लीगचे १९८६ ते २००४ चे सीझन घेतले आणि कोच बदललेले क्लब आणि तसेच घसरलेले पण कोच न बदललेले क्लब शेजारी ठेवून बघितले. दोन्ही सारखेच सावरले. कारण साधं आहे, कोचला काढतात तेच मुळी सगळं एकदम वाईट चाललेलं असताना, पोस्टला बॉल लागतोय, दोन डिफेंडर जखमी, पेनल्टी चुकतायत, आणि हे सगळं कायम तसंच राहत नाही, कोच तोच ठेवला असता तरी पुढच्या महिन्यात थोडं सुधारलंच असतं. ताप आला, डॉक्टर बदलला, ताप उतरला, आणि आपण नव्या डॉक्टरच्या पाया पडतोय.

(वॉटफर्डचा किस्सा इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. २०१४-१५ च्या एका सीझनमध्ये त्यांनी चार हेड कोच वापरले, चार! आणि तरी प्रमोशन मिळवून प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, आले. यातून काय शिकायचं ते तुम्हीच ठरवा, मी सोडून दिलंय.)

आणखी एक मजा बघा, २०२४-२५ ची टॉटनहॅम. एकच कोच, पोस्टेकोग्लू, एकच स्क्वॉड, एकच सीझन, आणि लीगमध्ये १७ वा नंबर पण युरोपा लीग (युरोपातल्या क्लबांची दोन नंबरची स्पर्धा) जिंकली, क्लबची १७ वर्षांतली पहिली ट्रॉफी. मग कोच चांगला की वाईट? क्लबने दोन आठवड्यांनी त्याला काढलं. मला अजूनही कळत नाही की बरोबर केलं की चूक.

एवढं वाचून वाटेल की मग हे प्रॉडक्ट घ्यायचंच कशाला, कोणीही बसवा. थांबा. काही पीस खरोखर अफाट निघतात आणि साडेतीन स्टार त्यांच्यामुळेच आहेत. शाबी अलोन्सो ऑक्टोबर २०२२ मध्ये जर्मनीच्या लेव्हरकुसेनला आला तेव्हा टीम खालून दुसरी होती आणि त्याचा कोचिंगचा अनुभव म्हणजे मुख्यतः स्पेनच्या सोसिएदाद क्लबची बी टीम. त्या सीझनला सहावा नंबर. पुढच्या सीझनला, २०२३-२४, ३४ पैकी २८ जिंकल्या, ६ ड्रॉ, हार शून्य, क्लबच्या इतिहासातलं पहिलं लीग टायटल, आणि बायर्नची सलग ११ वर्षांची मक्तेदारी संपली. ज्या क्लबला जर्मनीत 'फित्सेकुसेन' म्हणजे कायमचे उपविजेते म्हणून चिडवायचे, तो क्लब! आता हेही खरं की त्या उन्हाळ्यात झाका, ग्रिमाल्डो, हॉफमन, बोनिफास असे खेळाडू आले, खरेदी बघणाऱ्या सिमॉन रोल्फेस आणि मंडळींनी काम अप्रतिम केलं, वीर्ट्स तर आधीपासून होताच. पण बायर्नकडे याच्या कितीतरी पट पैसा होता. मला तिथे कोच दिसला तो खरेदीत नाही, खेळाडूंच्या वापरात दिसला. मागे तिघे ठेवून ग्रिमाल्डो आणि फ्रिम्पॉन्ग या दोन विंगबॅकना (कडेने वरखाली धावणाऱ्या डिफेंडरना) जवळजवळ फॉरवर्डसारखं वर सोडलं, आर्सेनलच्या प्रेक्षकांनी ज्याला हुर्यो दिली होती त्या झाकाच्या हातात मधला सगळा कारभार दिला, आणि शेवटच्या मिनिटाला गोल मारायची तर टीमला सवयच लागली. रोमाविरुद्ध युरोपा सेमीफायनलला स्टानिशिचने ९७ व्या मिनिटाला बरोबरी साधली तेव्हा मी घरात जो ओरडलो त्याबद्दल नंतर माफी मागावी लागली. एकदा झालं तर नशीब, वर्षभर होत राहिलं तर ती ट्रेनिंगमध्ये पक्की केलेली गोष्ट असते. सलग ५१ मॅच हरले नाहीत, आणि मग युरोपाच्या फायनलला अटलांटाने ३-० ने धुतलं ते सोडा.

पण हेच प्रॉडक्ट कुठल्याही घरात चालेल असं समजू नका. रुबेन अमोरिमने पोर्तुगालच्या स्पोर्टिंग क्लबला २०२१ मध्ये १९ वर्षांनी लीग जिंकून दिली, २०२४ ला परत दिली, आणि मग नोव्हेंबर २०२४ मध्ये तो मँचेस्टर युनायटेडला आला, तेच ३-४-३ (मागे तीन, मध्ये चार, पुढे तीन) घेऊन, पण ज्या स्क्वॉडमध्ये त्या जागेचे विंगबॅकच नाहीत तिथे. सीझनअखेर युनायटेड १५ वी. आणि स्पोर्टिंग? तो गेल्यावर मधला एक कोच फसला, तिसरा आणला, आणि तरी त्याच सीझनला लीग आणि कप दोन्ही जिंकले! ब्रायटनचंही तसंच, २०२२ मध्ये चेल्सीने ग्रॅहम पॉटरला उचललं, ब्रायटनने दे झेर्बी आणला आणि सहावे आले, चेल्सीने पॉटरला एप्रिलमध्ये काढलं आणि १२ वे आले. प्लग एक आणि सॉकेट दुसरं, मग दोष प्लगचा की सॉकेटचा?

वॉरंटीबद्दल लोक नेहमी फर्ग्युसनचं उदाहरण देतात. नोव्हेंबर १९८६ ला मँचेस्टर युनायटेडला आला, पहिली ट्रॉफी १९९० ची एफए कप, पहिलं लीग टायटल १९९३, म्हणजे साडेसहा वर्षं. आजचा मालक असता तर साडेसहा महिन्यांत बॉक्समध्ये भरून परत पाठवला असता. लेव्हरकुसेननेच २०२५ मध्ये एरिक टेन हागला लीगच्या २ मॅचनंतर परत पाठवलं, तेही वीर्ट्स, फ्रिम्पॉन्ग, झाका विकून झाल्यावर आणि टा काँट्रॅक्ट संपून गेल्यावर. फर्ग्युसन २०१३ ला गेला तेव्हा युनायटेड ११ पॉइंट्सने चॅम्पियन होती, त्याच्या जागी आलेल्या मॉइसला सहा वर्षांचं काँट्रॅक्ट दिलं, एप्रिल २०१४ मध्ये काढलं, सातवा नंबर. सगळे म्हणतात बघा एका कोचची किंमत, पण त्याच उन्हाळ्यात सगळा व्यवहार बघणारे डेव्हिड गिलपण गेले होते आणि डिफेन्सचं वय झालं होतं, हे कोणी बोलत नाही. उलट क्लॉप गेल्यावर लिव्हरपूलला स्लॉट आला, टीम जवळपास तीच, नवीन खरेदी म्हणजे एक किएसा, आणि पहिल्याच सीझनला चार मॅच शिल्लक ठेवून चॅम्पियन. जाणाऱ्याने घर आवरून ठेवलं असेल तर येणाऱ्याचं काम किती हलकं होतं बघा.

आणि जगातला सगळ्यात भारी पीस घेतला तरी बॅटरी काढली की बंद. मँचेस्टर सिटीचा ग्वार्डिओला, सलग ४ लीग टायटल, मग सप्टेंबर २०२४ मध्ये मिडफिल्ड सांभाळणाऱ्या रॉड्रीचा गुडघा गेला आणि ऑक्टोबरअखेरपासून १३ मॅचमध्ये १ विजय. त्याला कोणी काढलं नाही, आणि सिटी तिसरी आली. हीच पडझड जर दुसऱ्या एखाद्या क्लबात झाली असती तर चौथ्या हारेनंतरच निरोप समारंभ झाला असता आणि नंतरच्या सुधारणेचं श्रेय नव्या माणसाने घेतलं असतं.

राहिलेला अर्धा स्टार. ब्रायन क्लफ १९७४ मध्ये लीड्सला गेला, गतविजेती टीम हातात, आणि ४४ दिवसांत बाहेर. नंतर सेकंड डिव्हिजनमधल्या नॉटिंगहॅम फॉरेस्टला गेला, १९७७ ला वर आणली, १९७८ ला लीग जिंकली, १९७९ आणि १९८० ला युरोपियन कप, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा. कोच किती महत्त्वाचा याचा याहून मोठा पुरावा नाही असं मीपण म्हणायचो. पण लीड्सला त्याच्यासोबत पीटर टेलर नव्हता, खेळाडू हेरणारा त्याचा जोडीदार. फॉरेस्टला तो १९७६ मध्ये आला आणि पुढच्याच वर्षी प्रमोशन. १९८२ मध्ये टेलर गेला, क्लफ आणखी ११ वर्षं तिथेच राहिला, दोन लीग कप आणले, पण लीग नाही, युरोपियन कप नाही, आणि १९९३ मध्ये टीम खाली गेली. डब्यावर फोटो मात्र एकट्या क्लफचा आहे, म्हणून अर्धा स्टार कापला.