पालकांच्या प्रथमोपचार वर्गातील डोक्याच्या दुखापतीचे सत्र

लहान मुलांच्या प्रथमोपचाराचे वर्ग बहुधा घशात अडकलेली वस्तू आणि भाजणे यांवरच रेंगाळतात. या वर्गात डोक्याच्या दुखापतीला स्वतंत्र सत्र होते आणि माझ्या मते फी त्या एका सत्रातच वसूल होते.

टेंगूळ केवढे आले यापेक्षा ते कोठे आले आणि मूल कसे वागते आहे हे पाहा, असे शिक्षिकेने आरंभीच बजावले. दोन वर्षांखालील मुलाच्या कपाळावरचे टेंगूळ सहसा फारसे चिंतेचे नसते. पण कानाच्या वर किंवा डोक्याच्या मागे मऊ सूज आली, तर कवटीला तडा गेल्याची शक्यता धरून डॉक्टरांना दाखवावेच लागते. पुन्हा पुन्हा उलटी, आकडी, नाका-कानातून पाण्यासारखा स्राव, वाढती डोकेदुखी, मूल नीट जागे न होणे, यांपैकी काहीही दिसले तर थेट रुग्णालय गाठायचे, हे त्यांनी वेगवेगळे प्रसंग देऊन आमच्याकडून वदवून घेतले. मार लागलेल्या मुलाला झोपूच द्यायचे नाही, हा समजही त्यांनी खोडून काढला: मूल एरवी ठीक असेल तर झोपेच्या वेळी झोपू द्यावे, फक्त डॉक्टरांनी सांगितले असल्यास मधूनमधून उठवून पाहावे.

सीटी स्कॅनविषयीचे विवेचन सर्वांत उत्तम होते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या, ४२ हजारांहून अधिक मुलांच्या अमेरिकी अभ्यासातून स्कॅन कोणाला टाळता येतो याचे निकष मिळाले. त्यामुळे डॉक्टर ‘काही तास इथेच थांबा’ म्हणतात तेव्हा ती टाळाटाळ नसते, तर मुलाला विनाकारण किरणोत्सर्ग होऊ नये म्हणून ठेवलेली देखरेख असते.

यानंतर पट्ट्या बांधण्याचा सराव इतका लांबला की पुतळ्याचे डोकेच दिसेनासे झाले, आणि मेंदूला हादरा बसलेल्या मुलाने शाळेत व मैदानावर कधी परतावे हा प्रश्न दोन वाक्यांत उरकला गेला. सुरुवातीचे २४ ते ४८ तास बेताची विश्रांती, मग टप्प्याटप्प्याने हालचाल, आणि डॉक्टरांच्या परवानगीशिवाय धडकाधडकीचे खेळ नाहीत, एवढे तरी सविस्तर सांगायला हवे होते. क्रीडाशिक्षकांना हा वर्ग म्हणूनच अपुरा वाटेल. घरी नेण्यासाठी दिलेल्या पत्रकात लक्षणांची यादी नेटकी आहे, पण मूल किती वाजता आणि किती उंचीवरून पडले हे लिहायला जागा नाही, आणि रुग्णालयात तर ते हमखास विचारतात.